महाराष्ट्रातील प्रमाणशीर प्रतिनिधित्व व निवडणूक सुधारणांविषयीचे जनमत

प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणजे एखाद्या पक्षाला किंवा गटाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्याला सभागृहात जागा देणारी निवडणूक पद्धती होय. भारतात लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका या पद्धतीने होत नाहीत. तेथे मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो, मग ती मते निम्म्याहून कमी असली तरी चालतात. महाराष्ट्रात प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी विधिज्ञ, काही छोटे पक्ष आणि अभ्यासक यांच्यापुरती राहिली आहे. निवडणूक सुधारणांविषयीचे व्यापक जनमत मात्र वेगळ्या प्रश्नांभोवती व्यक्त होत आले आहे. सरपंच व नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की सदस्यांनी, प्रभागात एक नगरसेवक असावा की चार, बाजार समितीत शेतकऱ्याला मत असावे की नाही आणि मतमोजणीवर विश्वास कसा ठेवावा, हे ते प्रश्न होत.

एका मतदाराच्या वाट्याला येणाऱ्या पद्धती

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूर हे मोसम नदीकाठचे बाजारपेठेचे गाव आहे. येथे स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समिती असून परिसरातील कांद्याची आवक तेथे होते. विधानसभेसाठी हे गाव अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या बागलाण मतदारसंघात आणि लोकसभेसाठी धुळे मतदारसंघात मोडते. विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर आणि नाशिक विभाग शिक्षक या मतदारसंघांतही येथील पात्र मतदारांची नावे असतात.

त्यामुळे अशा गावातील एखाद्या पदवीधर शेतकऱ्याला पाच वर्षांत किमान तीन निरनिराळ्या पद्धतींनी मतदान करावे लागते. आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद सदस्य निवडताना त्याला एकच मत असते. ग्रामपंचायतीत एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात आणि जितक्या जागा तितकी मते मतदाराला असतात. पदवीधर मतदारसंघात तो मतपत्रिकेवर आयोगाने पुरवलेल्या जांभळ्या शाईच्या पेनने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. तेथे पहिली पसंती न लिहिल्यास किंवा आकड्याऐवजी बरोबरची खूण केल्यास मत बाद होते. ही शेवटची पद्धत घटनेतील 'प्रमाणशीर प्रतिनिधित्व पद्धतीनुसार एकल संक्रमणीय मत' या तरतुदीनुसार चालते. मात्र मतदारसंघातून एकच जागा भरायची असल्यामुळे तिच्यातील प्रमाणशीरपणा प्रत्यक्षात उरत नाही. उरते ते इतकेच, की पहिल्या पसंतीत कोणालाही कोटा गाठता आला नाही तर तळाच्या उमेदवारांना क्रमाने बाद करून त्यांची मते पुढच्या पसंतीकडे वळवली जातात. २०२४ च्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत याच कारणाने पुढील पसंतीची मते मोजावी लागली होती.

ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी आणि बाजार समितीच्या निवडणुकांत 'पॅनेल' ही संकल्पना रूढ आहे. मतदार आपली सर्व मते एकाच पॅनेलला देतात, परिणामी थोड्या फरकाने पुढे असलेले पॅनेल बहुतेक किंवा सर्व जागा जिंकते. प्रमाणशीरपणाच्या दृष्टीने ही पद्धत एकसदस्यीय मतदारसंघापेक्षाही विषम ठरू शकते. तरीही ग्रामीण भागात तिच्याविरुद्ध फारशी तक्रार ऐकू येत नाही. विजयी गटाकडे पूर्ण कारभार आणि पूर्ण जबाबदारी असावी, ही अपेक्षा त्यामागे दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी भाषक प्रदेशाला अल्पसंख्य गटांच्या मतांना वजन देणाऱ्या पद्धतीचा अनुभव स्वातंत्र्यापूर्वीच आला होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर दलित वर्गांसाठी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांतात झालेल्या १९३७ च्या निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघांसाठी संचयी मतदानाची पद्धत होती. म्हणजे मतदाराला जितकी मते असतील ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. संख्येने कमी असलेला गट आपली मते एकवटून स्वतःच्या पसंतीचा प्रतिनिधी निवडून आणू शकत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने ही निवडणूक लढवली आणि ते स्वतः मुंबईतील भायखळा-परळ मतदारसंघातून विजयी झाले.

संविधान सभेत ४ जानेवारी १९४९ रोजी लोकसभेच्या रचनेवरील चर्चेत मध्यप्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि संचयी मतदानाद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. देशातील साक्षरतेचे प्रमाण अल्प असल्याने पसंतीक्रमाचे मतदान सर्वसामान्यांना पेलणार नाही, प्रमाणशीर पद्धतीने विधिमंडळाची अनेक गटांत शकले होऊन स्थिर सरकार राहणार नाही आणि अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची सोय झालेलीच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. यांपैकी तिसरा आधार काही महिन्यांतच नाहीसा झाला, कारण मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यानंतरही प्रमाणशीर पद्धतीची मागणी मान्य झाली नाही. साक्षरतेचा आधारही पुढे क्षीण झाला. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती, तर २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर पोहोचली. स्थिर सरकारचा युक्तिवाद तेवढा आजही तितक्याच जोराने मांडला जातो.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या विषयाला वेगळे वळण मिळाले. १९५२ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघातून उभे होते आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे सहकारी उमेदवार होते. आता संचयी मतदान नव्हते. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी डॉ. आंबेडकरांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती आणि डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांनी निवडणुकीला आव्हान देताना हा मुद्दा पुढे केला, परंतु निकाल बदलला नाही. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही डॉ. आंबेडकर राखीव जागेवर पराभूत झाले, तर सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. १९३७ ची मतदानाची रीत १९५२ मध्ये कायम असती तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीत आजही चर्चिला जातो. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द करण्यात आले.

मते आणि जागा यांतील तफावत

महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून आघाड्यांचे राजकारण स्थिरावले. २०२२ व २०२३ मध्ये शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या दोन्ही पक्षांत फूट पडल्यानंतर स्पर्धक पक्षांची संख्या आणखी वाढली. २०२४ च्या दोन निवडणुकांनी मते आणि जागा यांतील अंतर दोन्ही दिशांनी दाखवले. लोकसभेत महाविकास आघाडी आणि महायुती यांची मते जवळजवळ सारखी, प्रत्येकी सुमारे ४४ टक्के होती, पण ४८ जागांपैकी आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. भारतीय जनता पक्षाला २६ टक्के मतांवर ९ जागा, तर काँग्रेसला सुमारे १७ टक्के मतांवर १३ जागा मिळाल्या. सहा महिन्यांनी विधानसभेत चित्र उलटले. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाला सुमारे ११.३ टक्के मते आणि १० जागा, तर अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला सुमारे ९ टक्के मते आणि ४१ जागा मिळाल्या. अर्थात या पक्षांनी लढवलेल्या जागांची संख्या सारखी नव्हती, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना जपून करावी लागते.

छोट्या पक्षांबाबत एकसदस्यीय पद्धतीचा परिणाम त्यांच्या मतदारांच्या वस्तीवर अवलंबून असतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची मते राज्यभरात थोडी आहेत, पण ती सुरगाणा-कळवण आणि डहाणूसारख्या आदिवासी पट्ट्यांत एकवटलेली असल्याने त्याचे आमदार वेळोवेळी निवडून आले. ऑल इंडिया मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनला २०२४ मध्ये मालेगाव मध्यची एकमेव जागा अवघ्या १६२ मतांनी मिळाली. याउलट वंचित बहुजन आघाडीला २०१९ च्या विधानसभेत सुमारे साडेचार टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही, कारण तिचा मतदार राज्यभर विखुरलेला होता. तिच्यामुळे कोणाचा उमेदवार पडला, याचीच चर्चा अधिक झाली. 'मत वाया घालवू नका' हे आवाहन प्रत्येक निवडणुकीत मोठे पक्ष करतात. प्रमाणशीर पद्धतीच्या समर्थकांच्या मते हे आवाहनच प्रचलित पद्धतीतील दोष दाखवते.

धुळे मतदारसंघ, २०२४

धुळे लोकसभा मतदारसंघात धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण ही सहा विधानसभा क्षेत्रे येतात. २० मे २०२४ रोजी झालेल्या मतदानात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपचे सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. दोघांनाही ५ लाख ८० हजारांहून अधिक मते होती. बागलाणसह पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे यांना आघाडी होती, परंतु एकट्या मालेगाव मध्यमधील काँग्रेसची सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी या पाचही आघाड्यांच्या बेरजेपेक्षा मोठी ठरली.

या निकालाचे पडसाद दीर्घकाळ उमटले. भाजपच्या नेत्यांनी मालेगावातील मतदानाला 'व्होट जिहाद' असे संबोधले. विरोधी पक्षांनी या शब्दप्रयोगावर आक्षेप घेतला आणि एका भागातील मतदारांनी एकत्र येऊन मत देणे हा त्यांचा हक्क असल्याचे सांगितले. दुसरीकडे नाशिक-धुळे पट्ट्यातील कांदा उत्पादकांत ८ डिसेंबर २०२३ रोजी लागू झालेल्या निर्यातबंदीचा रोष होता आणि ती ४ मे २०२४ रोजी, म्हणजे मतदानाच्या सोळा दिवस आधी उठली. हा रोष बागलाणमध्ये ज्यांनी मतातून व्यक्त केला त्यांची मते त्यांच्या क्षेत्रात अल्पमतात राहिली, पण अंतिम बेरजेत निर्णायक ठरली. मालेगाव मध्यमध्ये भाजपला मत देणाऱ्यांच्या आणि बागलाणमध्ये भाजपला मोठी आघाडी देणाऱ्यांच्या वाट्याला मात्र एकही प्रतिनिधी आला नाही. निकालानंतरची चर्चा कोणत्या समाजाने कोणाला मत दिले याभोवती फिरली. जवळपास समसमान मतांतून एका बाजूला सर्व काही आणि दुसऱ्या बाजूला काहीच न मिळण्याचा मुद्दा तीत क्वचितच आला.

पसंतीक्रमाच्या मतदानाविषयी साशंकता

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा जो प्रयोग महाराष्ट्रातील जनतेने सर्वाधिक कुतूहलाने पाहिला, तो राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांचा होय. या निवडणुकांत आमदार मतदार असतात आणि कोटा पूर्ण झालेल्या उमेदवाराची अतिरिक्त मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे संक्रमित होतात. १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ आणि भाजपचे धनंजय महाडिक यांना २७ मते मिळाली होती. तरीही पियुष गोयल व अनिल बोंडे यांच्या अतिरिक्त मतांच्या संक्रमणामुळे महाडिक विजयी झाले. नाशिक जिल्ह्यातील नांदगावचे आमदार सुहास कांदे यांचे मत निवडणूक आयोगाने अवैध ठरवले होते. त्यानंतर २० जूनला विधान परिषदेच्या निवडणुकीत काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे यांच्या बंडाला आरंभ झाला.

गणिताच्या दृष्टीने या पद्धतीने आपले काम नीट केले होते. लोकांच्या नजरेत मात्र 'दुसरी पसंती' आणि 'कोटा' हे शब्द आमदारांच्या हॉटेलवास्तव्याशी आणि फुटलेल्या मतांशी जोडले गेले. जनतेच्या प्रत्यक्ष मतदानात ही पद्धत कशी चालेल याचा अंदाज या अनुभवावरून बांधणे योग्य नाही, तरी पसंतीक्रमाच्या मतदानाविषयीची साशंकता बऱ्याच अंशी येथूनच आलेली दिसते.

स्थानिक स्वराज्य संस्थांतील बदलते नियम

महाराष्ट्रात निवडणूक पद्धतीवर सर्वाधिक वाद स्थानिक संस्थांबाबत झाला. २०१७ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने सरपंचाची थेट जनतेतून निवड सुरू केली. २०२० मध्ये उद्धव ठाकरे सरकारने ती रद्द करून निवडीचा अधिकार सदस्यांकडे परत दिला आणि २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने थेट निवड पुन्हा आणली. नगराध्यक्षांच्या थेट निवडीचा प्रवासही २०१६, २०२० आणि २०२२ असाच झाला. महापालिकांत २०१२ मध्ये दोन सदस्यांचा, २०१७ मध्ये प्रामुख्याने चार सदस्यांचा प्रभाग होता. नंतर एक, मग तीन आणि पुन्हा चार असे निर्णय झाले. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत मुंबई वगळता अन्यत्र मतदारांना बहुतांश ठिकाणी चार मते द्यावी लागली.

प्रत्येक बदलाचे समर्थन तत्त्वांच्या भाषेत केले गेले. थेट निवडीने घोडेबाजार थांबतो, सदस्यांतून निवडीने समन्वय राहतो, मोठ्या प्रभागाने संकुचित गल्लीराजकारण कमी होते आणि लहान प्रभागाने नगरसेवक ओळखीचा राहतो, असे युक्तिवाद होते. परंतु सरकार बदलले की पद्धत बदलते, हे वारंवार दिसल्याने नियम सत्ताधाऱ्यांच्या सोयीने ठरतात ही धारणा दृढ झाली. चार सदस्यांच्या प्रभागात चौघांपैकी कोणाला जाब विचारायचा, ही शहरी मतदाराची नेहमीची तक्रार आहे. बहुसदस्यीय प्रभागाला काही वेळा चुकून प्रमाणशीर पद्धत समजले जाते. प्रत्यक्षात प्रभागातील प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मतदान होऊन सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडला जातो, त्यामुळे आघाडीवरील पक्षाला चारही जागा मिळणे सोपे जाते. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेत १२२ पैकी ६६ जागा भाजपला मिळाल्या होत्या.

सरपंचाच्या थेट निवडीने गावांत आणखी एक स्थिती उद्भवली. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे निकाल अनेक ठिकाणी लागले. त्यातून काही गावांत कारभार रखडला, तर काही ठिकाणी अल्पमतातील गटालाही सत्तेत वाटा मिळाला.

बाजार समिती आणि 'बिनविरोध'

कांदा पट्ट्यात मताच्या हक्काचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न बाजार समितीचा आहे. समितीच्या १८ संचालकांपैकी ११ सहकारी सोसायट्यांच्या आणि ४ ग्रामपंचायतींच्या गटातून येतात. या दोन गटांत मतदार असतात ते सोसायट्यांच्या कार्यकारिणीचे आणि ग्रामपंचायतींचे सदस्य. माल विकणारा सामान्य शेतकरी मतदार नसतो. २०१७ मध्ये किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि मागील पाच वर्षांत किमान तीन वेळा समितीत माल विकलेल्या शेतकऱ्यांना थेट मताधिकार देण्यात आला होता. २०२० मध्ये ही तरतूद मागे घेण्यात आली. थेट मतदानाचा खर्च समित्यांना परवडत नाही, हे कारण त्यासाठी दिले गेले. २०२३ च्या निवडणुकांत शेतकरी उमेदवार म्हणून उभा राहू शकत होता, पण मत देऊ शकत नव्हता. जेथे मतच नाही तेथे मताच्या प्रमाणाचा प्रश्न दुय्यम ठरतो. ग्रामीण महाराष्ट्रात प्रमाणशीर पद्धतीची चर्चा न रुजण्याचे हे एक लक्षात न घेतले गेलेले कारण म्हणता येईल.

गावाची निवडणूक बिनविरोध व्हावी, हा आदर्शही येथे खोलवर रुजलेला आहे. भावकीतील वैर आणि खर्च टळतो म्हणून अशा गावांचे कौतुक होते. याची दुसरी बाजू बागलाणलगतच्या देवळा तालुक्यातील उमराणे येथे उघड झाली. डिसेंबर २०२० मध्ये तेथे सरपंचपदासाठी मंदिराच्या कामाच्या निमित्ताने बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाख रुपयांपर्यंत गेली. चित्रफीत प्रसारित झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. मतभेद मोजून त्यांना प्रतिनिधित्व द्यावे, या प्रमाणशीर पद्धतीच्या मूळ कल्पनेला बिनविरोधाचा आदर्श उघडपणे छेद देतो.

नकाराधिकार आणि मतमोजणीवरील विश्वास

२०११ मध्ये अण्णा हजारे यांनी प्रतिनिधी परत बोलावण्याचा आणि उमेदवार नाकारण्याचा अधिकार या मागण्या मांडल्या, तेव्हा त्यांना राज्यात मोठा प्रतिसाद मिळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर मतदान यंत्रावर 'नोटा'चा पर्याय आला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव येथे 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर राहिला. लातूर ग्रामीणमध्ये त्याला २७,५०० मते होती. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी त्याला काहीसा दात दिला असून तेथे 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी लागते.

२०२४ नंतर चर्चेचा रोख मतदान यंत्रे आणि मतदार याद्यांकडे वळला. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी येथील ग्रामस्थांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याची तयारी केली होती. प्रशासनाने जमावबंदी लागू केल्यावर ते थांबवण्यात आले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत महाविकास आघाडी आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेना यांनी मतदार याद्यांतील दोषांविरोधात मोर्चा काढला. निवडणूक आयोगाने यंत्रांविषयीचे आरोप फेटाळले आहेत.

सुधारणांचे प्रस्ताव

भारतीय विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात प्रचलित मतदारसंघ कायम ठेवून त्यांत पक्षांच्या यादीतून भरायच्या जागांची भर घालण्याची मिश्र पद्धत सुचवली होती. जर्मनीत अशा प्रकारची पद्धत प्रचलित असून तेथे यादीतील जागांसाठी साधारणपणे पाच टक्के मतांची अट आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानानुसार प्रतिनिधी सभेतील २७५ पैकी १६५ सदस्य थेट आणि ११० प्रमाणशीर पद्धतीने निवडले जातात. डाव्या पक्षांनी प्रमाणशीर किंवा अंशतः प्रमाणशीर पद्धतीची मागणी सातत्याने केली आहे. मोठ्या पक्षांनी तिला क्वचितच पाठिंबा दिला, कारण सध्याच्या पद्धतीचा लाभ त्यांना आलटून पालटून मिळतो.

राखीव जागांचे काय होणार, हा महाराष्ट्रातील विशेष प्रश्न आहे. विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. बागलाणसारख्या मतदारसंघात आदिवासी प्रतिनिधी निश्चित असतो आणि त्याचे गाव, पाडे, वस्त्या लोकांना ठाऊक असतात. यादी पद्धतीत उमेदवारांचा क्रम पक्षाचे नेतृत्व ठरवते, त्यामुळे ही जवळीक जाईल अशी भीती व्यक्त केली जाते. समर्थक याला १९३७ चे उदाहरण देतात, जेथे बहुसदस्यीय मतदारसंघातील मतदाराच्या हाती यादीऐवजी मते एकवटण्याचा अधिकार होता.

न्यूझीलंडने १९९३ मध्ये सार्वमताने मिश्र प्रमाणशीर पद्धत स्वीकारली, तर ब्रिटनच्या मतदारांनी २०११ मध्ये पसंतीक्रमाची पद्धत मोठ्या बहुमताने नाकारली. भारतात निवडणूक पद्धतीवर असा थेट कौल कधीही घेण्यात आलेला नाही.